धूम्रपान सुटल्यानंतरचे वजन

धूम्रपान सोडले की वजन वाढते, ही गोष्ट वैद्यकशास्त्राने मोजून सिद्ध करण्याच्या कितीतरी आधी धूम्रपान करणाऱ्यांना ठाऊक होती, आणि ती त्यांना ठाऊक आहे हे सिगारेट विकणारेही जाणून होते. ‘सोडून सहा महिने झाले, पण पोट सुटले आहे आणि ते काही केल्या उतरत नाही’ ही तक्रार व्यसनमुक्तीच्या समुपदेशकांना नवी नाही. मात्र तिला मिळणारे उत्तर बहुधा दोन टोकांपैकी एका टोकाचे असते. एक तर ‘चार किलोंनी काय बिघडते, कर्करोगापेक्षा बरे’ असे म्हणून ती उडवून लावली जाते, नाही तर ‘तोंडावर ताबा ठेवा’ असा उपदेश करून सगळा दोष तक्रार करणाऱ्याच्या पदरात घातला जातो. प्रस्तुत लेखात या दोन्ही उत्तरांची तपासणी केली असून, धूम्रपान चालू असतानाचे वजन हे तंबाखूने दाबून धरलेले वजन असल्यामुळे ‘पूर्वीइतके वजन’ हे उद्दिष्टच मुळात चुकीचे ठरते, असे मत मांडले आहे. या झगड्यात जे हरतात त्यांपैकी पुष्कळांचा पराभव या उद्दिष्टामुळे आणि ते गाठण्याच्या घाईमुळे होतो. इच्छाशक्तीचा वाटा त्यात समजला जातो त्याहून पुष्कळच कमी असतो.

तंबाखू आणि भूक यांचे नाते जुने आहे. स्पेनमधील सेव्हिल येथील वैद्य निकोलास मोनार्देस याने अमेरिका खंडातून आलेल्या औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, आणि त्याच्या १५७१ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या भागात तंबाखूविषयी सविस्तर विवेचन केले. त्यात असे वर्णन आहे की, तिकडील मूळ रहिवासी तंबाखूच्या पानांत शिंपल्यांची जाळून केलेली पूड मिसळून त्याच्या लहान लहान गोळ्या करतात, त्या वाळवून ठेवतात आणि निर्मनुष्य प्रदेशातून जाताना अशी एखादी गोळी तोंडात धरून भूक आणि तहान यांची पर्वा न करता चालत राहतात. शिंपल्यांची जळालेली पूड म्हणजे चुनाच; तेव्हा तळहातावर तंबाखू आणि चुना मळून ती चिमूट ओठाआड धरणाऱ्या महाराष्ट्रातील मजुराला या वर्णनात अपरिचित असे काहीच आढळणार नाही. चुना अल्कधर्मी असतो, आणि अल्कधर्मी माध्यमात तंबाखूतील निकोटिन हे द्रव्य मोकळे होऊन तोंडाच्या आतील त्वचेतून झपाट्याने रक्तात उतरते, हे रसायनशास्त्र दोन्ही खंडांतील माणसांनी स्वतंत्रपणे, केवळ अनुभवाने साधले. ऊसतोडणीच्या फडावर किंवा बाजार समितीतील हमालीच्या कामावर सकाळची भाकरी आणि दुपारची भाकरी यांच्यातले लांब अंतर तंबाखूवर काढले जाते, याला निव्वळ चैन किंवा वाईट सवय म्हणणे हे पोटभर जेवलेल्या माणसाचे मत होय.

श्रमिकाने भूक मारण्यासाठी जे वापरले तेच विसाव्या शतकातील अमेरिकेने सडपातळ बांध्यासाठी विकले. अमेरिकन टोबॅको कंपनीचा प्रमुख जॉर्ज वॉशिंग्टन हिल याने १९२८ साली ‘लकी स्ट्राइक’ या सिगारेटची मोहीम उघडली, तिचा आशय गोड पदार्थाला हात घालण्याऐवजी सिगारेट उचला, असा होता. मिठाईच्या व्यापाऱ्यांनी या जाहिरातीवर मोठा गदारोळ केला, परंतु त्या गदारोळानेही तिची प्रसिद्धीच झाली. पुढच्याच वर्षी, १९२९च्या ईस्टरला, प्रसिद्धीतज्ज्ञ एडवर्ड बर्नेज याने न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरील मिरवणुकीत तरुणींना उघडपणे सिगारेट ओढत चालायला लावले आणि त्या कृतीला स्त्रीस्वातंत्र्याचा मुलामा दिला. फिलिप मॉरिस कंपनीने १९६८ साली खास स्त्रियांसाठी काढलेल्या सिगारेटच्या नावातच ‘स्लिम्स’ हा शब्द होता. सिगारेट सोडण्याच्या विचारासोबत लठ्ठ होण्याची जी धास्ती मनात उभी राहते, ती धास्ती निर्माण करण्यावर आणि टिकवण्यावर असा पुष्कळ पैसा खर्च झालेला आहे. भारतात स्त्रियांचे धूम्रपान आजही अल्प असल्याने या प्रचाराचा थेट परिणाम इथे मर्यादित राहिला.

आता प्रत्यक्ष वाढ किती होते ते पाहणे योग्य ठरेल. या विषयावरील ६२ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. कोणतेही औषध न घेता धूम्रपान सोडणाऱ्यांचे वजन त्यानुसार सरासरीने एका महिन्यात १.१ किलो, तीन महिन्यांत २.९ किलो, सहा महिन्यांत ४.२ किलो आणि वर्षअखेर ४.७ किलो वाढलेले होते. या आकड्यांचा क्रम त्यांच्या आकारापेक्षा अधिक बोलका आहे, कारण वर्षभरातील वाढीपैकी साठ टक्क्यांहून अधिक वाढ पहिल्या तीन महिन्यांत होते आणि दुसऱ्या सहामाहीत ती अवघी अर्धा किलो उरते. म्हणजे ‘वजन काही केल्या उतरत नाही’ ही तक्रार ज्या सुमारास येते, त्याच सुमारास वाढीचा वेग आपोआप ओसरलेला असतो आणि शरीर एका नव्या समतोलाला येऊन टेकलेले असते. सरासरीच्या पोटात तफावतही मोठी आहे. वर्षअखेर १६ टक्के लोकांचे वजन उलट घटले होते, ३७ टक्क्यांची वाढ ५ किलोंच्या आत होती, ३४ टक्क्यांची ५ ते १० किलोंच्या दरम्यान होती, आणि १३ टक्के लोकांचे वजन १० किलोंहून अधिक वाढले होते. यांतील शेवटच्या गटातील माणसाला सरासरीचा आकडा सांगून समजावणे म्हणजे त्याचा अनुभव खोटा ठरवणे होय, आणि असे समजावणारे सल्लागार दुर्दैवाने कमी नाहीत.

ही वाढ का होते याचे उत्तर खर्च आणि आवक अशा दोन बाजूंनी द्यावे लागते. खर्चाची बाजू म्हणजे चयापचय, अर्थात शरीर अन्नापासून मिळालेली ऊर्जा वापरते ती सर्व प्रक्रिया. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात धूम्रपान करणाऱ्या आठ निरोगी व्यक्तींना, दर तासाला किती ऊर्जा खर्च होते हे मोजता येईल अशा बंद खोलीत, एक दिवस धूम्रपानासह आणि एक दिवस धूम्रपानाविना ठेवण्यात आले. २४ सिगारेटी ओढलेल्या दिवशी त्यांचा ऊर्जाव्यय सुमारे १० टक्क्यांनी, म्हणजे २०० कॅलरींच्या आसपास, अधिक भरला. निकोटिन हे अ‍ॅड्रेनॅलिनसारख्या उत्तेजक संप्रेरकांना चेतवते, नाडी वाढवते आणि शरीराला विश्रांतीतही किंचित धावते ठेवते. सिगारेट बंद झाली की ही फुकटची ज्वलनक्रिया थांबते. माणूस पूर्वीइतकेच जेवत राहिला तरी त्याच्या ताटातील काही भाग शिल्लक पडू लागतो, आणि ‘जेवण तर तेवढेच आहे’ हे अनेकांचे म्हणणे या मर्यादेपर्यंत अक्षरशः खरे असते.

आवकीची बाजू अधिक गुंतागुंतीची आहे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग असतो, जिथे भूक, तहान आणि शरीराचे तापमान यांचे नियमन होते. येल विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की, निकोटिन या भागातील ‘पॉम्क’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चेतापेशींना उद्दीपित करते, आणि पोट भरल्याचा संदेश देणे हे त्या पेशींचे काम असल्याने उंदरांचे खाणे घटते. निकोटिन पेशीवरील ज्या ग्राहींना, म्हणजे विशिष्ट रसायनालाच दाद देणाऱ्या प्रथिनांना, चिकटून हे काम करते ते ग्राही व्यसनाच्या मुळाशी असलेल्या ग्राहींहून निराळे आहेत, ही या संशोधनातील महत्त्वाची बाब होय. निकोटिन बंद झाले की तृप्तीचा हा उसना संदेश थांबतो. त्याच काळात धुरामुळे बोथट झालेली चव आणि वास यांची जाणीव परत येते, अन्न रुचकर लागू लागते, आणि मेंदूतील सुखसंवेदनेच्या यंत्रणेत जी पोकळी निर्माण झालेली असते ती भरून काढण्यास गोड आणि तेलकट पदार्थ सर्वांत तत्पर असतात. आतड्यांतील सूक्ष्मजीवांचाही यात सहभाग असावा असे इस्राएलमधील वाइझमन संस्थेच्या २०२१ सालच्या प्रयोगांवरून दिसते, परंतु ते प्रयोग उंदरांवरचे आहेत.

दोन्ही बाजूंचा मेळ घातला तर एक कोडे उभे राहते. खर्च रोज २०० कॅलरींनी घटला आणि आवक तितकीच वाढली असे धरले, तर एक किलो चरबीमागे सुमारे ७,७०० कॅलरी या हिशेबाने दर १९ दिवसांनी एक किलो, म्हणजे वर्षाला १९ किलो वाढ व्हायला हवी. प्रत्यक्षात ती सरासरी ४.७ किलोंवर थांबते. याचे कारण असे की, काही आठवड्यांनी भूक निवळते, आणि वाढलेले शरीर चालायला, उठाबसायला, नुसते जिवंत राहायलासुद्धा अधिक ऊर्जा वापरते, त्यामुळे आवक आणि खर्च पुन्हा एका पातळीवर येतात. ती पातळी कोणती, याचे उत्तर १९९१ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील राष्ट्रीय पाहणीवर आधारलेल्या अभ्यासात सापडते. त्यात धूम्रपान सोडल्यामुळे झालेली वाढ पुरुषांत सरासरी २.८ आणि स्त्रियांत ३.८ किलो आढळली. पण त्याहून लक्षणीय असे की, सोडणाऱ्यांचे वजन आरंभी कधीच धूम्रपान न केलेल्यांपेक्षा कमी होते आणि अखेरीस ते त्यांच्या जवळजवळ बरोबरीला आले. धूम्रपान करणारा माणूस आपल्या शरीराच्या स्वाभाविक वजनाखाली राहत होता आणि सोडल्यावर तो तिथे पोहोचला, एवढाच या निष्कर्षाचा अर्थ आहे. सोडण्याच्या दिवशी काट्यावर दिसलेला आकडा हा तुलनेचा पाया धरला, तर निरोगी शरीराचे प्रत्येक पाऊल वाढ म्हणूनच नोंदले जाते.

महाराष्ट्रात या जैविक कारणांना टपरीची जोड मिळते. कटिंग चहा आणि सिगारेट ही जोडी दिवसातून चार-पाच वेळा ठरलेली असते, आणि त्यातील सिगारेट वजा केली तरी टपरी, मित्र आणि रिकामे हात शिल्लक राहतात; ते हात मग बिस्किटाच्या पुड्याकडे, खारीकडे किंवा शेजारच्या गाडीवरील वडापावकडे वळतात. एक वडापाव सुमारे ३०० कॅलरींचा, तर मूठभर फरसाण दीडशेच्या आसपास असते, म्हणजे लोझानच्या खोलीत २४ सिगारेटींनी जाळलेली ऊर्जा एका वडापावात परत मिळून वर शंभर उरतात. चहाचा आणखी एक परिणाम फारसा कोणाला ठाऊक नसतो. तंबाखूच्या धुरातील काही घटक यकृतातील एका विकराला, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाला, उत्तेजित करतात आणि त्याच विकराकडून कॅफिनचे विघटन होत असल्याने धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरातून चहा-कॉफीचा अंमल लवकर उतरतो. धूर थांबला की काही दिवसांतच विकराचे काम मंदावते, आणि चहाचे कप तेवढेच राहूनही रक्तातील कॅफिन जवळजवळ दुप्पट होऊ शकते. परिणामी छातीत धडधड, चिडचिड आणि रात्रीची जाग ही लक्षणे दिसतात, ती तंबाखूच्या तलफेची समजली जातात. आणि अपुऱ्या झोपेने भूक वाढत असल्याने हा माणूस दुसऱ्या दिवशी अधिक खातो. पहिल्या महिन्यात चहा निम्म्यावर आणणे हा उपाय त्यामुळे साखर आणि झोप या दोन्ही दृष्टींनी उपयोगी पडतो, आणि तो बिनखर्चाचा आहे.

येथवर दिलेले आकडे बहुतांशी पाश्चात्त्य सिगारेट ओढणाऱ्यांचे आहेत, याची नोंद घेणे आवश्यक आहे. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१६-१७ सालच्या फेरीनुसार भारतातील २८.६ टक्के प्रौढ तंबाखूचे कोणत्या ना कोणत्या स्वरूपात सेवन करतात. महाराष्ट्रात धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के आढळले. ओठाआडच्या चिमटीतून किंवा दातांना लावलेल्या मशेरीतून जाणारे निकोटिन भुकेच्या बाबतीत सिगारेटमधील निकोटिनासारखेच वागते, मात्र कॅफिनविषयीचा मुद्दा धुराशी बांधलेला असल्याने तो यांना लागू होत नाही. निकोटिन आतड्यांच्या हालचालीलाही चेतवते, म्हणून ते बंद झाल्यावर काही आठवडे बद्धकोष्ठ होते. सकाळी मशेरी किंवा बिडीशिवाय ‘प्रेशर येत नाही’ असे जे सांगितले जाते त्याचे मूळ इथे आहे, आणि फुगलेले पोट पुष्कळदा चरबीच्या खात्यावर चढवले जाते. तोंडात काहीतरी हवे म्हणून तंबाखूच्या जागी सुपारी धरणे मात्र सर्वथा अनिष्ट होय, कारण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखू न मिसळलेली सुपारीसुद्धा मानवी कर्करोगास कारणीभूत असल्याचे मानले आहे. बडीशेप, भाजलेला ओवा किंवा लवंग यांना तशी हरकत नाही.

आणखी एक भेद वर्गाचा आहे. डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांचे सहकारी यांनी १९९०च्या दशकात मुंबईतील मतदारयाद्यांवरून निवडलेल्या सुमारे दीड लाख प्रौढांची नोंद करून जो प्रदीर्घ अभ्यास चालवला, त्यात तंबाखूचे सेवन करणाऱ्यांचा बीएमआय, म्हणजे किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा निर्देशांक, सेवन न करणाऱ्यांपेक्षा कमी आढळला, आणि ही गोष्ट बिडी-सिगारेटइतकीच धूरविरहित तंबाखूलाही लागू होती. याच अभ्यासात अति कृश व्यक्तींमध्ये मृत्यूचे, विशेषतः क्षयाने होणाऱ्या मृत्यूचे, प्रमाण अधिक दिसले. बिडी सोडल्यानंतर ४५ किलोंच्या मजुराचे वजन ४९ झाले, तर तो बिघाड मानण्याचे काहीही कारण नाही. त्याला चार किलो मिळाले आहेत आणि ते त्याला हवेच होते. वजनवाढीची चिंता सर्वांना सारखी लागू करणारी पत्रके या माणसाला विनाकारण घाबरवतात.

ज्यांचे वजन मुळातच बेताचे किंवा जास्त आहे, अशा शहरी मध्यमवर्गीय वाचकांसाठी मात्र परिस्थिती निराळी आहे, आणि ‘चार किलोंनी काय बिघडते’ हे उत्तर इथे अपुरे पडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय शरीराचे जे वर्णन केले ते जगभर मान्य झाले आहे: दिसायला बारीक, परंतु आतून चरबीयुक्त. त्यांनी आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापून हा मुद्दा मांडला. दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होते. अशा शरीरात चरबी पोटातील अवयवांभोवती साठते, आणि इन्सुलिन या संप्रेरकाला पेशी पुरेशी दाद देईनाशा होतात, ज्याला इन्सुलिन-प्रतिरोध म्हणतात. धूम्रपानाचे खोटेपण इथे पुरते उघडे पडते, कारण धूम्रपान करणाऱ्यांचे एकूण वजन कमी असले तरी त्यांच्या कमरेचा घेर वजनाच्या मानाने अधिक असतो आणि इन्सुलिन-प्रतिरोधही वाढलेला असतो. सिगारेटने सडपातळ ठेवले, पण नेमक्या ज्या जागी सडपातळ असायला हवे ती जागा सोडून.

अमेरिकेतील तीन मोठ्या दीर्घकालीन अभ्यासांवर आधारलेला शोधनिबंध २०१८ साली प्रसिद्ध झाला, त्यात धूम्रपान सोडणाऱ्यांना मधुमेह होण्याची शक्यता धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांच्या तुलनेत काही काळ वाढते आणि सोडल्यानंतरच्या दोन ते सहा वर्षांत ती २२ टक्क्यांनी अधिक असते, तर पाच ते सात वर्षांनी ती सर्वाधिक होते, असे दिसले; ही वाढ वजनवाढीच्या प्रमाणात होती आणि ज्यांचे वजन वाढले नाही त्यांच्यात ती आढळली नाही. ज्यांना आधीच मधुमेह आहे अशा ब्रिटिश रुग्णांच्या नोंदींवरून २०१५ साली असेही दिसून आले की, सोडल्यानंतर पहिल्या वर्षात त्यांची एचबीए१सी, म्हणजे मागील सुमारे तीन महिन्यांतील रक्तशर्करेची सरासरी दाखवणारी चाचणी, ०.२१ टक्क्यांनी वर जाते आणि तीन वर्षांत ती तफावत मिटते. २०१८च्या त्याच निबंधात, १० किलोंहून अधिक वजन वाढलेल्या माणसांतसुद्धा मृत्यूचा धोका धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांच्या सुमारे निम्माच होता. सर रिचर्ड डॉल यांनी ब्रिटिश पुरुष डॉक्टरांचा १९५१ पासून पन्नास वर्षे पाठपुरावा केला, आणि धूम्रपान करणाऱ्याचे आयुष्य सरासरी १० वर्षांनी घटते, पण चाळिशीत सोडल्यास त्यांतील ९ आणि पन्नाशीत सोडल्यास ६ वर्षे परत मिळतात, असा निष्कर्ष २००४ साली मांडला. वाढलेल्या वजनासाठी पुन्हा सिगारेट धरण्याचा विचार या आकड्यांसमोर टिकत नाही. तरीही पुणेकर किंवा ठाणेकर माणसाने मधुमेहाचा धोका हसण्यावारी नेणे शहाणपणाचे नाही, आणि काट्यापेक्षा मोजपट्टीवर अधिक भरवसा ठेवावा: भारतीय निकषांनुसार कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा.

मग सोडण्याच्या दिवसापासूनच आहार आवळावा काय? या प्रश्नावर सामान्य समजूत आणि पुरावा यांची फारकत होते. पिट्सबर्ग येथील केनेथ पर्किन्स आणि सहकाऱ्यांनी वजनाच्या भीतीमुळे सोडू न शकणाऱ्या २१९ स्त्रियांचे तीन गट केले. एका गटाला नेहमीचे समुपदेशन दिले, दुसऱ्याला त्याच्या जोडीला वजन नियंत्रणाचा आहारक्रम दिला, आणि तिसऱ्याला आहाराची बंधने न घालता वजनाविषयीची धास्ती कमी करणारी मानसोपचारपद्धती दिली, जिच्यात थोडी वाढ स्वीकारण्याची तयारी करून घेतली जाते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षअखेर धूम्रपानापासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण या गटांत अनुक्रमे ९, १३ आणि २१ टक्के होते. त्याहून आश्चर्यकारक म्हणजे वजनवाढही तिसऱ्या गटातच सर्वांत कमी, २.५ किलो, झाली. आहारक्रम पाळणाऱ्या गटात ती ५.४ आणि पहिल्या गटात ७.७ किलो होती. उपाशी मेंदू कोणत्याही सुखाकडे अधिक आसुसलेपणाने धावतो, आणि सर्वांत ओळखीचे सुख सिगारेटचे असते, असे याचे एक स्पष्टीकरण देता येते. याला छेद देणारा पुरावाही आहे. स्वीडनमधील १९९९ सालच्या प्रयोगात अत्यल्प कॅलरींचा आहार, निकोटिनचे च्युइंगम आणि काटेकोर वैद्यकीय देखरेख अशा तिहेरी व्यवस्थेत सोडणाऱ्या स्त्रियांपैकी वर्षअखेर २८ टक्के यशस्वी ठरल्या, तर आहाराविना हे प्रमाण १६ टक्के होते. परंतु ती व्यवस्था घरच्या घरी, एकादशीच्या उपवासासारखी मनाशी ठरवून, उभी करता येत नाही. सर्वसामान्य माणसासाठी पर्किन्स यांचाच निष्कर्ष व्यवहार्य ठरतो: पहिले तीन महिने फक्त तंबाखूचे.

औषधांविषयी थोडक्यात सांगता येईल. निकोटिनचे च्युइंगम किंवा पट्टी, तसेच बुप्रोपिऑन हे डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळणारे औषध, ही साधने चालू असेपर्यंत वजनवाढ काहीशी रोखतात; औषध बंद झाल्यावर राहिलेली वाढ बरीचशी भरून निघते. त्यांचे खरे काम तलफ आवरण्याचे आहे, आणि वाढ पुढे ढकलली जाणे हाही लहानसा फायदा नव्हे, कारण ती येते तेव्हा माणूस सिगारेटशिवाय जगायला सरावलेला असतो. व्यायामाचे तसे नाही. झपझप दहा मिनिटे चालल्याने तलफ त्या वेळेपुरती उतरते हे अनेक प्रयोगांत दिसले आहे, आणि नियमित व्यायामाचा वजनावरील परिणाम पहिल्या महिन्यांत नगण्य असला तरी वर्षअखेर तो दिसू लागतो.

तीन ते सहा महिने तंबाखूविना निघाले, तलफेच्या लाटा विरळ झाल्या, म्हणजे वजनाकडे वळण्याची वेळ येते. या टप्प्यावर ‘सिगारेट सोडल्याने चयापचय कायमचा बिघडला’ अशी समजूत अनेकांची झालेली असते, ती निराधार आहे. चयापचय बिघडलेला नसून त्याला मिळणारी कृत्रिम चेतना थांबलेली असते, आणि यापुढे वजन उतरवण्याची रीत कधीच धूम्रपान न केलेल्या माणसाची जी असते तीच असते. उद्दिष्ट विवाहातील छायाचित्राइतके बारीक होण्याचे नसावे. वजनाच्या पाच टक्के, म्हणजे ८० किलोंच्या माणसाने सहा महिन्यांत चार किलो उतरवले, तरी रक्तशर्करा आणि रक्तदाब यांत मोजता येईल इतकी सुधारणा होते. मराठी ताटात पिष्टमय पदार्थांचा भरणा फार असतो. पोहे, उपमा किंवा साबुदाणा यांच्या न्याहारीऐवजी मटकीची उसळ, मूगडाळीचे धिरडे किंवा अंडी घेतली आणि रात्रीच्या जेवणात भाताचा दुसरा वाढा टाळून त्या जागी ताक व कोशिंबीर घेतली, तर उपाशी न राहता रोजचे दोनशे-तीनशे कॅलरींचे अंतर पडते, आणि सिगारेट सुटल्याने जे अंतर निर्माण झाले होते ते साधारण तेवढेच होते. आठवड्यातून दोन-तीन दिवस वजन उचलण्याचा किंवा जोर-बैठकांचा व्यायाम केल्यास स्नायू टिकतात, जे भारतीय शरीरात आधीच कमी असतात.

दहा किलोंहून अधिक वाढ झालेल्यांनी, घरात मधुमेहाचा वारसा असलेल्यांनी आणि चाळिशी उलटलेल्यांनी मात्र सहा महिने थांबू नये. सोडल्याच्या पहिल्या महिन्यातच उपाशीपोटीची रक्तशर्करा आणि एचबीए१सी करून घ्यावी, ती दर वर्षी, निदान पहिली सात वर्षे, पुन्हा करावी, आणि मधुमेहाची औषधे चालू असल्यास सोडण्याचा निर्णय डॉक्टरांना आधी कळवावा, म्हणजे मात्रा बदलायची की नाही हे त्यांना ठरवता येते. तंबाखूमुक्तीसाठी केंद्र सरकारने सुरू केलेल्या १८००-११-२३५६ या निःशुल्क दूरध्वनीवर समुपदेशन मिळते. तिथे बोलताना वजनाविषयीची काळजी पहिल्याच संभाषणात, लाज न बाळगता सांगावी, आणि समुपदेशकानेही ती तंबाखूच्या मात्रेइतक्याच गांभीर्याने, कमरेच्या मापासह, टिपून घ्यावी.